रक्त आणि लघवी काय सांगतात? : मूत्रपिंड विकाराची पूर्वसूचना

(आरोग्य प्रबोधन मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात आरोग्यावर चार शब्द सांगावेत असे संयोजकांनी आम्हास सुचविले. आम्ही डॉक्टर नाही. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून आमची नोकरी झाली. आधी लातूरला आणि नंतर नांदेडला. परीक्षानळी, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक यांच्या संगतीत आयुष्य गेले. तेव्हा जे हाताखालून गेले, तेवढ्यापुरतेच बोलण्याचा आमचा अधिकार आहे, आणि तेवढेच आम्ही बोलणार आहोत.

समोर टेबलावर ही जी जुनी फाईल ठेवली आहे, ती आमच्या थोरल्या बहिणीची आहे. तिला आम्ही अक्का म्हणतो. तिच्या परवानगीनेच ही फाईल येथे आणली आहे. या फाईलीतील चार कागदांची हकीकत सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत. त्या कागदांवर जे लिहिले होते ते वाचण्याचे शिक्षण आम्ही घेतले होते, आणि तरीही ते आम्ही वाचले नाही. हकीकत समजण्यासाठी आधी मूत्रपिंडाचे काम थोडक्यात समजून घेऊ.

न दुखणारा अवयव

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख अतिसूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा सुमारे पाचवा भाग या दोन अवयवांकडे जातो. चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक पाणी, साखर व क्षार शरीर परत घेते आणि एक ते दीड लिटर लघवी बाहेर पडते. याखेरीज रक्तदाब सांभाळणे, रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे संप्रेरक तयार करणे, हाडांसाठी ड जीवनसत्त्व उपयोगी रूपात आणणे ही कामेही मूत्रपिंडच करते.

एवढे काम करणारा हा अवयव फार सोशिक आहे. दाढ किडली तर माणूस रात्रभर झोपत नाही. मूत्रपिंडाच्या निम्म्या गाळण्या निकामी झाल्या तरी बहुधा काहीच दुखत नाही. भूक न लागणे, मळमळ, अंगाला खाज, धाप, चेहऱ्यावर व पायांवर सूज ही लक्षणे पुष्कळ उशिरा येतात. म्हणून 'मला काही त्रास नाही' हा मूत्रपिंड चांगले असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. त्याची भाषा दोनच ठिकाणी वाचता येते, रक्तात आणि लघवीत.

रक्तातील साक्षीदार : युरिया आणि क्रिएटिनीन

आपण खाल्लेल्या प्रथिनांचे शरीरात ज्वलन झाले की युरिया तयार होतो. आपल्या स्नायूंच्या रोजच्या कामातून क्रिएटिनीन नावाचा पदार्थ तयार होतो. दोन्ही मूत्रपिंडावाटे बाहेर जातात. गाळणी मंदावली की दोन्ही रक्तात साचतात.

यातील युरिया हा थोडा चंचल साक्षीदार आहे. मांसाहार जास्त झाला, जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाले, पोटात रक्तस्राव झाला, तरी तो वाढतो. काही प्रयोगशाळा युरिया लिहितात तर काही फक्त त्यातील नायट्रोजन लिहितात आणि त्याला बी.यू.एन. म्हणतात. या नायट्रोजनच्या आकड्याला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. एका कागदावर १८ आणि दुसऱ्या कागदावर ३८ पाहून घाबरून गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. दोन्ही आकडे जवळजवळ एकच होते!

क्रिएटिनीन त्यामानाने स्थिर असते. जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स याफे यांनी १८८६ साली दाखवून दिले की अल्कधर्मी द्रवात पिक्रिक आम्लाबरोबर क्रिएटिनीन मिसळले की नारिंगी-तांबडा रंग येतो. रंग जितका गडद तितके क्रिएटिनीन जास्त. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, यंत्रे बदलली, तरी अनेक प्रयोगशाळांतील तपासणी आजही याच रासायनिक क्रियेवर चालते.

आता मुख्य मुद्दा. कागदावर क्रिएटिनीनपुढे 'सामान्य मर्यादा' म्हणून एक पट्टा छापलेला असतो, कोठे ०.६ ते १.२, तर कोठे ०.६ ते १.४. आकडा त्या पट्ट्यात बसला की आपण कागद घडी करून ठेवून देतो. येथेच चूक होते.

स्नायू रोज ठरावीक क्रिएटिनीन तयार करतात असे धरले, तर गाळण्याचा वेग निम्मा झाल्यावर रक्तातील आकडा साधारण दुप्पट होतो. गल्लीतील कचरा उचलणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक बंद पडली तर कोपऱ्यावरचा ढीग दुप्पट होतो, तसाच हा हिशेब. आता ज्या बाईचे क्रिएटिनीन मुळात ०.६ होते, ते १.२ झाले तर तिची निम्मी गाळणी गेली. पण दोन्ही आकडे 'सामान्य' पट्ट्याच्या आतच आहेत. कागद काहीच बोलत नाही!

दुसरे असे की, क्रिएटिनीन स्नायूंतून येते. म्हणून धडधाकट तरुणाचा आकडा आणि वाळलेल्या अंगाच्या म्हातारीचा आकडा एकाच मापाने मोजता येत नाही. यासाठी वय, लिंग आणि क्रिएटिनीन यांवरून गाळण्याचा अंदाजी वेग काढतात. त्याला ई.जी.एफ.आर. म्हणतात. मिनिटाला इतके मिलिलिटर असे त्याचे माप असते. १९७६ पासून यासाठी निरनिराळी सूत्रे आली; सध्या २०२१ सालचे सूत्र पुष्कळ ठिकाणी वापरतात. या सूत्राने एक उदाहरण करून पाहू. लातूरला शिकणारा २५ वर्षांचा तरुण आणि ६५ वर्षांची त्याची आजी, दोघांचेही क्रिएटिनीन १.१ आहे. तरुणाचा वेग येतो सुमारे ९५, म्हणजे उत्तम. आजीचा येतो सुमारे ५६, म्हणजे तपासणी पुढे न्यायलाच हवी असा. आकडा तोच, अर्थ निराळा.

हा वेग ९० किंवा अधिक असेल तर चांगला. ६० ते ८९ म्हणजे किंचित कमी. लघवीत दोष नसेल तर एवढ्यावरून कोणास रोगी म्हणत नाहीत. ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ या तिसऱ्या अवस्थेच्या दोन पायऱ्या, १५ ते २९ ही चौथी अवस्था आणि १५ च्या खाली पाचवी. पाचव्या अवस्थेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा विचार सुरू होतो.

अक्काचे चार कागद

आता ती फाईल उघडतो. अक्का कंधार तालुक्यातल्या खेड्यात राहते. तिला मधुमेह आहे. साखर तपासताना डॉक्टर क्रिएटिनीनही लिहून देत. २०१८ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते ०.७ होते. २०१९ मध्ये ०.८. २०२० साली कोरोनामुळे कोणी तपासणीला गेले नाही. २०२१ मध्ये १.०. २०२२ मध्ये १.२. चारही कागदांवर छापलेली मर्यादा ०.६ ते १.४. चारही कागद 'नॉर्मल'. प्रत्येक वेळी ती कागद आम्हाला दाखवी, आणि प्रत्येक वेळी आम्ही म्हणत असू, "अक्का, काळजी करू नकोस, सगळे नॉर्मल आहे."

२०२२ च्या दिवाळीत ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या पायांवर सूज होती. बोटाने दाबले की खळगा पडे. लघवीला फेस येतो, तो बराच वेळ मोडत नाही, असे ती सहज बोलता बोलता बोलली. त्या रात्री आम्ही ते चार कागद पहिल्यांदाच एकाखाली एक मांडले आणि सूत्राने वेग काढला. १०२, ८६, ६५, ५२. चार वर्षांत निम्मी गाळणी गेली होती, आणि एकाही कागदावर तांबड्या शाईची खूण नव्हती.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. २०१९ च्या लघवीच्या कागदावर 'अल्ब्युमिन : ट्रेस' असे लिहिले होते आणि २०२१ च्या कागदावर '१ +'. बाईमाणसाला लघवीचा जंतुसंसर्ग होतच असतो, असे समजून ते कोणी मनावर घेतले नाही. तपासणाऱ्याने घेतले नाही, औषध देणाऱ्याने घेतले नाही, आणि घरात तंत्रज्ञ असून आम्हीही घेतले नाही. दुसऱ्या कोणावर बोट ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. अक्का एवढेच म्हणाली, "कागद तर तूच बघितलास की रे." या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजचे हे भाषण म्हणजे त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

लघवीतील साक्षीदार : अल्ब्युमिन

अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात असते त्याच जातीचे. निरोगी गाळणी त्याला बाहेर जाऊ देत नाही. गाळणीच्या जाळीला इजा झाली की ते लघवीत झिरपू लागते.

लंडनच्या गाईज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली सूज आणि मूत्रपिंड यांचा संबंध दाखविला. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायची. अल्ब्युमिन असेल तर ते अंड्यासारखे गोठून पांढरे होते, ही त्या काळची तपासणी. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा याचीच सुधारलेली रीत शिकलो. परीक्षानळीत लघवी घेऊन वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. गढूळपणा आला तर ॲसेटिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे. गढूळपणा विरला तर ते फॉस्फेटचे क्षार. टिकला तर अल्ब्युमिन. पुढे रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या. पट्टी बुडवायची आणि डबीवरच्या रंगाशी जुळवायची : ट्रेस, १ +, २ +, ३ +.

ही पट्टी उपयोगी आहे, स्वस्त आहे. पण तिला दोन मर्यादा आहेत. अगदी थोडे अल्ब्युमिन तिला दिसत नाही. आणि माणूस भरपूर पाणी पिऊन आला असेल तर लघवी पातळ होऊन आहे तेही लपते. मधुमेहात मूत्रपिंडाची इजा सुरू होते ती नेमकी या थोड्या अल्ब्युमिनपासून. १९६३ साली त्याच गाईज रुग्णालयातील संशोधकांनी असे अल्प अल्ब्युमिन मोजण्याची सूक्ष्म पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढील वीस वर्षांत हे सिद्ध झाले की मधुमेही रुग्णात हे अल्प अल्ब्युमिन म्हणजे येणाऱ्या संकटाची वर्दी असते.

आज यासाठी जी तपासणी करतात तिला लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनीन प्रमाण असे म्हणावे. प्रयोगशाळेत ए.सी.आर. म्हटले की समजते. लघवी पातळ असो की दाट, अल्ब्युमिनला लघवीतील क्रिएटिनीनने भागल्यामुळे पाण्याचा फरक निघून जातो. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून आणण्याची गरज राहत नाही. सकाळची पहिली लघवी लहान डबीत दिली की पुरे. एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे इशारा. ३०० च्या वर म्हणजे गंभीर. अक्काचे प्रमाण त्या वेळी ६४० निघाले.

दोन्ही तपासण्या का?

रक्ताची तपासणी सांगते की गाळणी किती चालते. लघवीची तपासणी सांगते की गाळणी फाटते आहे काय. एकीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही. मधुमेहात बहुतेक वेळा लघवी आधी बोलते. क्रिएटिनीन पुष्कळ दिवस गप्प असते. याच्या उलट प्रकारही आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशात उसाच्या फडात व शेतात राबणाऱ्या, मधुमेह-रक्तदाब नसलेल्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे २००२ मध्ये तेथील डॉक्टरांनी जगापुढे मांडले. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम भागातही असाच विकार आढळतो. कडक उन्हात, पुरेसे पाणी न पिता, तासन् तास करावे लागणारे अंगमेहनतीचे काम हे मध्य अमेरिकेतील विकाराचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. अशा विकारात लघवीत अल्ब्युमिन फारसे जात नाही. रक्तातील क्रिएटिनीनच आधी वाढते.

लातूर, नांदेड, बीड या भागांतून ऊसतोडीसाठी दरवर्षी बिऱ्हाडे हलतात. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर आपलीच माणसे राबतात. अंगदुखी मोडावी म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाणारे पुष्कळ आहेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या, विशेषतः अंगात पाणी कमी असताना, मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. अशा कष्टकऱ्यांनी लघवी स्वच्छ दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. फडावरून परत आल्यावर एकदा क्रिएटिनीन अवश्य करून घ्यावे.

एका आकड्याने घाबरू नये

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकाच तपासणीवरून रोगाचा शिक्का मारू नये.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. अशा दिवसांत माणूस पाणी मोजून पितो. अंगातील पाणी घटले की युरिया आणि क्रिएटिनीन दोन्ही तात्पुरते वाढतात. पाणी मिळाल्यावर उतरतात. ताप, जड व्यायाम, लघवीचा जंतुसंसर्ग, स्त्रियांची मासिक पाळी या वेळी लघवीत अल्ब्युमिन किंवा रक्त दिसू शकते. तपासणीच्या आदल्या रात्री मटणाचे जेवण झाले असेल तर क्रिएटिनीन किंचित वाढते. पिळदार शरीर कमावणाऱ्या तरुणाचे क्रिएटिनीन मूत्रपिंड चांगले असूनही जास्त दिसते, तर पाय कापावा लागलेल्या किंवा फार अशक्त माणसाचे, मूत्रपिंड बिघडूनही, कमी दिसते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी डॉक्टर सांगतात. तिचा स्नायूंशी फारसा संबंध नाही. मात्र ती महाग आहे आणि सर्वत्र होत नाही.

म्हणून नियम असा आहे की, दोष तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला तरच त्यास मूत्रपिंडाचा जुनाट विकार म्हणावे. पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे हाही त्याच नियमाचा भाग आहे, तो आपण विसरतो. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत तपासावे, म्हणजे पद्धतीतील फरकामुळे घोटाळा होणार नाही. मात्र लघवी अचानक कमी झाली, तांबडी किंवा चहासारखी झाली, धाप लागली, तर तीन महिने थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कोणी तपासून घ्यावे?

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या कराव्यात. प्रौढ वयातील मधुमेह असेल तर निदान झाले त्याच वर्षापासून. उच्च रक्तदाब असलेल्यांनी, मुतखडा वारंवार होणाऱ्यांनी, घरात कोणाचे मूत्रपिंड निकामी झाले असेल त्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी, गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या भगिनींनी, साठी ओलांडलेल्यांनी आणि वर्षानुवर्षे दुखण्याच्या गोळ्या किंवा शिसे-पारा असलेली भस्मे घेणाऱ्यांनीही त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्यात.

मधुमेह हा आपल्याला परका रोग नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाशी झगडत ग्रंथलेखन केले, हे आपण सर्वजण जाणतो. त्यांच्या काळी अल्प अल्ब्युमिन मोजण्याची सोय जगात कोठेही नव्हती. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. असे असूनही आपण ती करून घेत नसू तर दोष विज्ञानाचा नाही.

खर्चाचा प्रश्न कोणी विचारील. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून नोंदणी, तपासणी व उपचार नि:शुल्क करण्यात आले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनीन यांची चौकशी करावी. पुढील सल्ल्यासाठी नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

लवकर कळल्याने काय मिळते?

काहीजण म्हणतात, कळून काय उपयोग, किडनीला औषध नाही. हे खरे नाही. गेलेली गाळणी सहसा परत येत नाही. पण उरलेली पुष्कळ वर्षे टिकविता येते. रक्तदाब आटोक्यात ठेवणे हा पहिला उपाय. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या वर्गातील औषधे रक्तदाब तर उतरवितातच, शिवाय लघवीतून जाणारे अल्ब्युमिनही कमी करतात. डापाग्लिफ्लोझिन हे मुळात साखरेचे औषध. ते मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावते, मधुमेह नसलेल्या रुग्णांतही मंदावते, हे २०२० साली मोठ्या चाचणीत दिसून आले. त्याच वर्षी भारतात त्याचे पेटंट संपले आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. ही सर्व औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आहेत, कारण ती सुरू केल्यावर क्रिएटिनीन आणि पोटॅशियम पुन्हा तपासावे लागते. पण ती लवकर सुरू झाली तरच त्यांचा पुरता उपयोग.

उशीर झाल्यास काय होते तेही पाहू. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना पहिल्या तपासणीतच क्रिएटिनीन ९ निघाले. तोपर्यंत ते रोज कामावर जात होते. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, म्हणून यंत्राचा खर्च वाचतो. पण जाण्या-येण्याचे भाडे, बरोबर येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी आणि घरातील चिंता यांना योजना नाही. डायलिसिसच्या यंत्रातून साधारणपणे मिनिटाला अर्धा लिटर शुद्ध द्रव वाहतो. चार तासांत १२० लिटर. ज्या लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, त्या मुलखात एका माणसाचे रक्त एकदा धुण्यास एवढे पाणी लागते! आणि एवढे करूनही निरोगी मूत्रपिंडाच्या कामाचा थोडा अंशच ते यंत्र करू शकते.

अक्काला औषधे वेळेवर नव्हे, पण अगदी हाताबाहेर जाण्याआधी मिळाली. मीठ कमी केले, गोळ्या नियमित घेतल्या, रक्तदाब वहीत लिहू लागली. गेल्या वर्षी तिचा वेग ४६ आला. म्हणजे उतार थांबला नाही, पण मंदावला. तिच्या लघवीतील अल्ब्युमिनही निम्म्याहून खाली आले आहे. २०१९ साली 'ट्रेस' हा शब्द आम्ही वाचला असता तर आज तिचा आकडा किती असता, हा प्रश्न मात्र आमचा पिच्छा सोडत नाही.

विद्यार्थी मित्रांना एक काम

शेवटी विद्यार्थ्यांना एक विनंती. लातूर आणि नांदेडमध्ये शिकणारे तुम्ही मुले-मुली उद्या डॉक्टर व्हाल, तंत्रज्ञ व्हाल, परिचारिका व्हाल. पण त्यासाठी थांबू नका. सुट्टीत घरी जाल तेव्हा आई-वडील, आजी-आजोबा यांचे पिशवीत कोंबलेले जुने कागद बाहेर काढा. दोनशे पानी वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा : तारीख, रक्तदाब, क्रिएटिनीन, त्यावरून आलेला वेग आणि लघवीतील अल्ब्युमिन. जुन्यापासून नव्यापर्यंत आकडे एकाखाली एक लिहा. छापलेल्या मर्यादेकडे नंतर पाहा. आधी पाहा की आकडा कोणत्या दिशेने चालला आहे. क्रिएटिनीन वर चढत असेल, वेग खाली येत असेल, किंवा अल्ब्युमिनच्या रकान्यात 'ट्रेस' हा शब्द जरी दिसला, तरी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. अल्ब्युमिनचा रकाना कोराच राहिला, तर ती तपासणी झालेलीच नाही असे समजा आणि करून घ्या.

या कामाला पदवी लागत नाही. वही, पेन आणि अर्धा तास लागतो. आमच्याकडे तिन्ही होते. आम्ही चार वर्षे उशीर केला. आपण करू नये, एवढेच.